बास टूर्नामेंटला पहिल्यांदा उतरताय? आधी तलाव लहान करा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, बास (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा) टूर्नामेंट म्हणजे दिवसभरात किती मासे पकडले याची स्पर्धा नाही. तुमचे सगळ्यात जड पाच मासे मिळून किती भरले, एवढंच बघतात, आणि तेही ठरलेल्या वेळेत परत येऊन, जिवंत, काट्यावर ठेवून. एखादा गडी दिवसभरात चाळीस मासे काढतो आणि पाच मासे काढणाऱ्याकडून हरतो, हे दर वीकेंडला होतं. त्यामुळे रविवारी गंमत म्हणून लेकवर जाण्याची तयारी वेगळी आणि टूर्नामेंटची वेगळी, आणि टूर्नामेंटची बरीचशी तयारी पाण्यावर होतच नाही, घरी बसूनच होते.

उदाहरण म्हणून मी ईस्ट टेक्सासचा सॅम रेबर्न तलाव धरतोय, आणि वेळ फेब्रुवारी अखेरची. एक तर ह्युस्टनहून अडीच तासांच्या आसपास ड्राइव्ह आहे, केटी आणि शुगरलँडकडे आपली मंडळी भरपूर आहेत, आणि त्यातले कोकणातले बरेच जण लहानपणी खाडीवर गरवायला गेलेले असतात, हाताला सवय असते, फक्त बासचं प्रकरण माहीत नसतं. दुसरं म्हणजे त्या भागात वर्षभर कुठली ना कुठली टूर्नामेंट चालूच असते, क्लबच्या छोट्यांपासून एमएलएफच्या (मेजर लीग फिशिंग) बास फिशिंग लीगपर्यंत. गरवणाऱ्यांना पहिला धक्का इथेच बसतो, की कोळंबी, गांडूळ, जिवंत आमिष काहीही चालत नाही, फक्त आर्टिफिशियल लूर, म्हणजे खोटं आमिष. ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे लूर ओढत नेणं, तेही बंद. आणि एका वेळी पाण्यात एकच रॉड.

हे सगळं सुरू केलं रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या एका इन्शुरन्स एजंटने, १९६७ मध्ये आर्कान्सासच्या बीव्हर लेकवर. पुढच्या वर्षी त्याने बी.ए.एस.एस. ही संस्था काढली, आणि १९७१ ला पहिली बासमास्टर क्लासिक भरवली तेव्हा २४ जणांना विमानात बसवलं आणि विमान हवेत गेल्यावर सांगितलं की आपण नेवाडाच्या लेक मीडला चाललोय. म्हणजे कोणालाच अभ्यास करता येऊ नये. यावरूनच समजून घ्या की आधी केलेल्या अभ्यासाला या खेळात किती किंमत आहे, तो काढून टाकायला माणसाने विमान भाड्याने घेतलं.

कागदपत्रं आणि नियम, हे आधी उरका

हा भाग कंटाळवाणा आहे पण यातच लोक बाद होतात. टेक्सासचं फिशिंग लायसन्स १७ वर्षं आणि वरच्या जवळपास सगळ्यांना लागतं, आणि साध्या वार्षिक लायसन्सचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं, कधीही काढलं तरी. १ सप्टेंबर १९९३ ला किंवा नंतर जन्मलेला माणूस १५ हॉर्सपॉवरच्या वरची बोट चालवणार असेल तर बोटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट लागतं, ते ऑनलाइन होतं. एप्रिल २०२१ पासून फेडरल नियमाने २६ फुटांखालच्या बोटींवर वेगात जाताना किल स्विचची, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद करणारी, दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली पाहिजे, आणि टूर्नामेंटवाले तर मोठं इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट बांधलेलंच हवं म्हणतात.

मग टूर्नामेंटचं स्वतःचं नियमपत्रक. पूर्ण वाचा, दोनदा वाचा. रेबर्नवर लार्जमाउथला, म्हणजे बासच्या मुख्य जातीला, राज्याची किमान लांबी १४ इंच आहे आणि दिवसाला ५ मासे. लांबी मोजताना तोंड बंद आणि शेपटीची टोकं एकत्र दाबून. स्पॉटेड बास या दुसऱ्या जातीला राज्याचा लांबीचा नियम नाही, पण टूर्नामेंटचा असू शकतो, तेव्हा दोन्ही मासे ओळखता आले पाहिजेत. उशीर झाला तर साधारणपणे मिनिटाला एक पौंड कापतात आणि १५ मिनिटांच्या वर गेलात तर दिवस शून्य. मेलेल्या माशामागे काही औंस कापले जातात. लेक ऑफ लिमिट, म्हणजे प्रॅक्टिसला बंद, कधीपासून आहे, कोणाकडून माहिती घ्यायची नाही याची तारीख कोणती, लँडिंग नेट चालतं का, बोटीसमोरचे मासे लाइव्ह दाखवणारं सोनार यंत्र चालतं का, हे सगळं जागोजागी वेगळं असतं. सोनारवरून तर सध्या एवढी भांडणं चालू आहेत की गेल्या वर्षीचा नियम या वर्षी धरूच नका.

जिंकलात तर पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायच्या, टेस्टला बोलावू शकतात, हसू नका, फॉर्मवर सही करतानाच तुम्ही त्याला हो म्हटलेलं असतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये क्लीव्हलंडला वॉलाय माशांच्या टूर्नामेंटमध्ये दोघांच्या माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले, पुढच्या वर्षी त्यांना १० दिवसांची कैद झाली आणि बोट गेली ती वेगळीच.

आता मुख्य काम, तलाव लहान करणे

रेबर्न जवळजवळ १,१४,००० एकर आहे. एका दिवसात, म्हणजे आठ तासांत, त्यातले प्रवासाचे दीड-दोन गेले की सहा तासांत, तुम्ही त्याचा नखभर भाग मारणार. त्यामुळे "मासे कुठे असतील" यापेक्षा "मी कुठे जाणार नाही" हे आधी ठरवा. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, तो लूर विकत घेत बसतो.

नकाशा उघडा, कागदी असो, फोनवरचं नेव्हिऑनिक्स असो की बोटीच्या स्क्रीनवरचा, आणि आधी ऋतूने चाळणी लावा. फेब्रुवारी अखेरीस तिथलं पाणी साधारण पन्नाशीत असतं, फॅरनहाइटमध्ये बोलतोय, आणि ऊन पडलेल्या दिवसांत साठकडे सरकतं. बास अंडी घालतो पाणी साठीत गेलं की, म्हणजे आत्ता तो खोल पाण्यातून उथळ भागाकडे निघालेला आहे पण पोचलेला नाही. मधल्या वाटेवर थांबलाय आणि खातोय, वजनदारही आहे, माद्यांच्या पोटात अंडी असतात. म्हणजे ३० फुटांचं पाणी बाद, आणि अगदी काठाजवळचं फूटभर पाणीही आत्ता तरी बाद.

वाट कुठली? धरण १९६५ ला पुरं झालं, त्याआधी तिथे जे ओढे आणि ओहोळ वाहत होते त्यांची पात्रं अजून तळाला तशीच आहेत, तिथले लोक त्यांना ड्रेन म्हणतात. सपाट उथळ भागाच्या मधून दोन-तीन फूट जास्त खोल अशी नागमोडी रेघ नकाशावर दिसते. मासे याच रेघांनी वर चढतात. आता त्या रेघेच्या काठाला हायड्रिला हे पाण्यातलं गवत कुठे आहे ते शोधायचं, कारण रेबर्न हा गवताचा लेक आहे, आणि ड्रेन अधिक गवत अधिक ४ ते ८ फूट पाणी हे तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे माझी खूण. नुसतं गवत तर मैलोनमैल आहे, त्याच्या मागे लागलात तर संध्याकाळ होईल. त्यातही गवताला जिथे कोपरा आहे, खिंडार आहे, अचानक संपतंय, ती जागा आधी.

पुढची चाळणी वाऱ्याची. उत्तरेच्या बाजूचे, खास करून वायव्येचे खाडीसारखे आत गेलेले भाग आधी तापतात, कारण थंड उत्तरेचा वारा तिथे लागत नाही आणि ऊन मिळतं. पाण्यात दोन-तीन डिग्रीचा फरक या दिवसांत फार मोठा असतो. आणि हाच वारा मोठ्या मोकळ्या पाण्यावर अशा लाटा उठवतो की वीस फुटी बोटीतसुद्धा पाठीचे मणके मोजून घ्यावे लागतात, म्हणून रॅम्पच्या, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतरणीच्या, जवळची, वाऱ्यापासून आडोशाची एक जागा यादीत पाहिजेच, मग ती कितीही फालतू वाटो.

मग लेव्हल. रेबर्नची ठरलेली पातळी समुद्रसपाटीपासून १६४.४ फूट, रोजचा आकडा ऑनलाइन मिळतो. पातळी वर असेल तर काठाची झुडपं पाण्यात जातात आणि बरेच मासे आत घुसून पांगतात, खाली असेल तर गवताच्या बाहेरच्या काठाला जास्त जोर. नुसता आजचा आकडा बघू नका, गेल्या दोन आठवड्यांत पाणी चढतंय की उतरतंय ते बघा, उतरत्या पाण्यात मासा उथळ कोपऱ्यात राहायला बिचकतो.

एवढं झालं की यादीत आठ-दहा जागा उरतात. त्या शक्यतो लेकच्या एकाच बाजूच्या ठेवा. पस्तीस मैलांवरची भारी जागा ही पहिल्या टूर्नामेंटला भारी नसते, पेट्रोल जातं, वेळ जातो, धुक्यात अडकलात तर संपलं. आणि फेब्रुवारीत सकाळी धुकं असतंच, कधी कधी सुरुवातच तासभर लांबवतात. रेबर्नमध्ये पाण्याखाली झाडांचे बुंधे उभे आहेत, खुणा लावलेल्या बोट लेन सोडून जोरात गेलात तर इंजिनाचा खालचा भाग तिथेच ठेवून यावं लागेल.

प्रॅक्टिस म्हणजे मासे पकडणं नाही

टेस्ट मॅचच्या आदल्या दिवशी कॅप्टन पिच बघायला जातो, तिथे सेंच्युरी मारायला जात नाही, तसं आहे हे. एका जागी दोन चावे मिळाले की तिथून निघायचं. बरेच जण प्रॅक्टिसमध्ये ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचे गळ, काढून टाकतात किंवा टोकं वाकवून ठेवतात, म्हणजे मासा धरतो, ओढतो, कळतं आणि सुटतो. शनिवारी उपयोगी पडणारा मासा गुरुवारी टोचून ठेवण्यात काय शहाणपण.

बघायचं हे, की चावा कुठल्या खोलीवर आला, गवताच्या वर की काठाला, लूर वेगात असताना की थांबल्यावर, ऊन असताना की ढगात. अशा दोन-तीन चाव्यांत सारखेपणा दिसला की त्याला पॅटर्न म्हणतात, आणि पॅटर्न मिळाला की नकाशावर तशाच बाकीच्या जागा पाण्यात न जाताच सापडतात. जागा सापडण्यापेक्षा पॅटर्न सापडणं कधीही चांगलं, कारण जागेवर सकाळी पोचल्यावर दुसरी बोट उभी असू शकते.

आणि एक, हवा बदलली की गुरुवारचं शनिवारी चालेलच असं नाही. थंड हवेचा पट्टा येण्याआधी मासे मस्त खातात, तो गेल्यावर निळंभोर आभाळ, उत्तरेचा वारा, फोटोला छान दिवस आणि मासे गवताला चिकटून गप्प. शुक्रवारी रात्री असा पट्टा येणार असेल तर प्रॅक्टिसमध्येच एखादा तास मुद्दाम हळू लूरने त्याच जागा मारून बघा.

रॉड किती, कुठले

पाच-सहा पुरे. खरंच पुरे. मला विचाराल तर नव्या माणसाचे निम्मे पैसे लूरच्या डब्यात मरतात.

रेबर्नवर फेब्रुवारीत पहिला रॉड लाल लिपलेस क्रँकबेटचा, म्हणजे माशाच्या आकाराच्या कडक लूरचा, अर्धा औंस, याबद्दल तिथे कोणी वादच घालत नाही. लाल रंग तळाच्या क्रॉफिशसारखा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडीसारखा, दिसतो. टाकायचा, गवताच्या शेंड्यांना घासत आणायचा, अडकला की झटका देऊन फाडून काढायचा, आणि बहुतेक चावे त्या सुटण्याच्या क्षणीच येतात. याला ७ फुटांचा थोडा नरम वाकणारा रॉड घ्या, कडक रॉडने ट्रेबल हुक तोंडातून निसटतात. लाइन १५ ते १७ पौंड फ्लुरोकार्बन. दुसरा रॉड ब्लेडवाला जिग, चॅटरबेट म्हणतात तो, पाणी गढूळ किंवा वारा असेल तर. तिसरा कॅरोलायना रिग, पाऊण औंस वजन आणि मागे तीनेक फूट लीडर, म्हणजे लाइनचा वेगळा तुकडा, गवताच्या बाहेरच्या काठाला आणि ड्रेनच्या कडेला हळूहळू ओढायला. चौथा टेक्सास रिग, हुकचं टोक रबराच्या आत लपवलेलं, गवतात खाली सोडायला. पाचवा स्पिनिंग रॉड, बारीक लाइनवर वजन न लावलेला स्टिकबेट, म्हणजे काडीसारखा रबरी लूर, मधोमध टोचलेला, म्हणजे वॅकी, हा थंड हवेच्या दिवसाचा आधार. सहावा ज्याला जे आवडतं ते. टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लूर, लावायचा असेल तर फ्लुरोकार्बनवर नको, ती लाइन बुडते आणि लूरचं नाक खाली ओढते.

सगळ्या रीलवर नवी लाइन, आठवडाभर आधी. हुकचं टोक नखावर टेकवून सरकवा, घसरलं तर हुक बदला. गाठ पालोमार एकच शिका पण अंधारात बांधता येईल अशी शिका. बेटकास्टर रीलमध्ये गुंता होतच राहणार, तो सोडवण्यात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा दुसरा रॉड उचला.

मागे उभं राहायची तयारी

स्वतःची बोट नसेल तर को-अँगलर म्हणून उतरा. समोर बोटवाला, मागे तुम्ही, जोडी लॉटरीने लागते, आणि तुमची स्पर्धा इतर को-अँगलरांशी असते, त्याच्याशी नाही. बोट कुठे न्यायची हे पूर्णपणे तो ठरवतो, म्हणजे तुमची नकाशाची सगळी मेहनत वाया? अजिबात नाही, तो ज्या प्रकारच्या जागी जाईल ती जागा का निवडली हे तुम्हाला कळतं आणि त्यातलं त्याच्या हातून काय सुटतंय हेही कळतं. तो गवतावरून जोरात लिपलेस फिरवत पुढे चाललाय, तर तुम्ही त्याच्यासारखंच करू नका, त्याने मारून सोडलेल्या पाण्यात हळू काहीतरी टाका. त्याच्या पुढे कास्ट टाकायची नाही, ही इथली लाज-शरम आहे.

सामान कमी न्या, पाच रॉड पट्ट्याने बांधलेले, दोन डबे, रेनसूट, कोरडे मोजे, पाणी, खायला काहीतरी. चपाती-भाजीचा रोल एका हाताने खाता येतो म्हणून बेस्ट. आदल्या संध्याकाळी जोडी कळली की त्याला फोन करा, किती वाजता कुठल्या रॅम्पवर, रोख पैसे किती ठेवायचे ते विचारा, पेट्रोलचा वाटा सकाळीच न मागता द्या. आणि ट्रेलर मागे घ्यायला शिकून घ्या, एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा दिवस घालवा, कारण पहाटे पाचला पन्नास बोटी रांगेत असताना जो को-अँगलर गाडी-ट्रेलर सरळ खाली सोडतो त्याला बोटवाले नावाने ओळखायला लागतात.

त्या दिवशी

आधी लिमिट, म्हणजे पाच मासे, मग मोठा मासा. १४ इंचांचा बास जेमतेम सव्वा ते दीड पौंड भरतो, असे पाच म्हणजे सात पौंड, आणि या दिवसांत रेबर्नवर वर यायचं तर बोटवाल्यांमध्ये २० पौंडांच्या पुढची भाषा असते. तरीपण पाच खिशात असले की हात मोकळा होतो, मग मोठ्या माशाच्या जागेवर तासभर काही न मिळता बसायची हिंमत येते. को-अँगलरने तर पाच पुरे केले तरी तो बऱ्याच जणांच्या पुढे असतो.

प्रत्येक माशाला कलिंगचा रंगीत टॅग, सहावा आला की तराजूसारख्या दांडीवर लगेच हलका कुठला ते बघून तो सोडा. टॅग ओठातल्या पातळ पडद्याला लावा, कल्ल्यात दोरी घालू नका. १४ इंचांच्या रेघेवर काठावर असलेला मासा सरळ सोडून द्या, एक आखूड मासा काट्यावर गेला तर दंड तुमच्या चांगल्या माशातून जातो. परतीची वेळ घड्याळात अर्धा तास आधीची लावून ठेवा, आणि अलार्म वाजल्यावर "शेवटची एक कास्ट" हा शब्द काढू नका.

लाइव्हवेलकडे, म्हणजे बोटीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीकडे, लक्ष. फेब्रुवारीत पाणी थंड असतं त्यामुळे पंप चालू ठेवला की भागतं, उन्हाळ्यात मात्र पाणी ८० च्या वर गेलं की पंप सतत चालू आणि बर्फाच्या बंद बाटल्या टाकून लेकपेक्षा पाच-सात डिग्री खाली, एकदम जास्त थंड केलं तरी मासा झटका घेतो. खोल पाण्यातून काढलेला मासा पोट फुगून आडवा तरंगायला लागला तर त्यातली हवा सुईने काढतात, हे मात्र व्हिडिओ बघून नाही, जाणत्या माणसाकडून समोर शिकून घ्या. वे-इनच्या, म्हणजे वजनाला न्यायच्या, पिशवीत भरपूर पाणी घ्या आणि रांगेत कमीत कमी वेळ थांबा. मासा हात ओले करून धरा, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात, नुसत्या जबड्याला आडवा लटकवून फोटो नको.

घरून हमखास प्रश्न येतो, एवढा मोठा मासा आणि सोडून दिला? रवा लावून तळला नाही? १९७२ मध्ये रे स्कॉटने जिवंत आणलेल्या माशाला बोनस द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हे असंच आहे, आणि लेकवर दर वीकेंडला टूर्नामेंट होऊनही मोठे मासे टिकून आहेत त्यात याचाही वाटा आहे. तळायचाच असेल तर क्रॅपी नावाचा मासा पकडा, चवीला बासपेक्षा कितीतरी भारी, आणि रेबर्नमध्ये भरपूर आहे.

बोट बाहेर काढल्यावर रॅम्पवरच लाइव्हवेल आणि तळाचं सगळं पाणी सोडा, प्लग काढा, ट्रेलरच्या ॲक्सलला आणि इंजिनाला अडकलेलं हायड्रिला, साल्व्हिनिया हाताने काढून टाका. टेक्सासात हे नियमाने बंधनकारक आहे आणि वॉर्डन रॅम्पच्या बाहेर उभा असतो, दिवसभराच्या दमणुकीनंतर दंडाची पावती घ्यायची हौस नसेल तर पाच मिनिटं घालवा. मग गाडीत बसून, घरी निघायच्या आधीच, खोली, लूर, पाण्याचं तापमान आणि चाव्याची वेळ फोनमध्ये टाईप करून ठेवा, ह्युस्टनला पोचेपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला होतं.